फ्रँक्लिन, अरीथा
(२५ मार्च १९४२–१६ ऑगस्ट २०१८). विख्यात अमेरिकन सोल गायिका व पियानोवादक. जन्म टेनेसी राज्यातील मेंफिस येथे. वडील सी. एल. फ्रँक्लिन हे डिट्रॉइटमधील बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. त्यांच्या चर्चमधील गॉस्पेल गायनातून तिची जडणघडण झाली. १९६० मध्ये ती कोलंबिया या ध्वनिमुद्रण-कंपनीत दाखल झाली. तथापि तेथील सफाईदार वाद्यमेळात तिच्या गायनातील मूळचा आवेग दबून राहिला. १९६७ मध्ये अटलांटिक कंपनीचे निर्माते जेरी वेक्सलर यांनी तिच्या पियानोवादनाला मध्यवर्ती स्थान दिले. गायन व साथ यांची लय एकाच हाती आली आणि तिची खरी शैली प्रकटली. ओटिस रेडिंगच्या ‘रिस्पेक्ट’ (१९६५) या गीतात पुरुष स्त्रीकडे मान मागतो. अरीथाने १९६७ मध्ये तेच गीत स्त्रीच्या मुखी घातले व त्याला आपल्या बहिणींच्या सहगायनाची जोड दिली. विनवणीची जागा हक्काने घेतली; म्हणूनच स्त्रीमुक्ती व नागरी हक्कांच्या चळवळींनी ते आपले मानले. लॉस अँजेल्समधील चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झालेला अमेझिंग ग्रेस (१९७२) हा संच तिच्या कलेचा उच्चांक होय. तिच्या धार्मिक व लौकिक गायनाचा उगम एकच होता, हे त्यावरून स्पष्ट होते. उत्तरकालीन ध्वनिमुद्रिकांत आवाजाचे सामर्थ्य जाणवते. गीतांची निवड मात्र अनेकदा त्या तोलाची नाही. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट झालेली ती पहिली स्त्री (१९८७). डिट्रॉइट येथे तिचे निधन झाले. २०१९ मध्ये तिला मरणोत्तर विशेष पुलित्झर सन्मान देण्यात आला.