सूर्य साक्षीला, बोलणं आईशी : छठच्या गीतांविषयी

आजचा विषय छठ, आणि त्यातही छठची गाणी. दिवाळी संपून पाच-सहा दिवस झाले की आपल्या वर्तमानपत्रांत एक फोटो ठरलेला असतो. जुहूचा किनारा, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या बायका, हातात सूप, समोर बुडता सूर्य. खाली ओळ असते, ‘उत्तर भारतीयांची सूर्यपूजा’. ही ओळ चुकीची नाही, पण अपुरी आहे. कशी, ते या बायका जे गातात ते ऐकलं की कळतं. म्हणून आज आपण फोटो बाजूला ठेवू आणि गाणी ऐकल्यासारखी वाचू.

आधी व्रताचा आराखडा थोडक्यात सांगतो. कार्तिक शुद्ध चतुर्थी ते सप्तमी असे चार दिवस. बिहार, झारखंड, पूर्व उत्तर प्रदेश आणि नेपाळची तराई हा त्याचा मूळ प्रदेश. चैत्रातही छठ असते, पण मोठी कार्तिकातली. पहिला दिवस ‘नहाय-खाय’ : अंघोळ करून भात, चण्याची डाळ आणि दुध्याची भाजी. दुसरा ‘खरना’ : दिवसभर उपास आणि संध्याकाळी गुळाची खीर. ती खीर खाल्ली की पुढे सुमारे ३६ तास अन्न नाही, पाणीही नाही. तिसऱ्या संध्याकाळी मावळत्या सूर्याला अर्घ्य आणि चौथ्या पहाटे उगवत्याला. मग ठेकुआ, म्हणजे कणीक, गूळ आणि तुपाचा तळलेला प्रसाद, वाटायचा आणि उपास सोडायचा. व्रत करणाऱ्याला ‘व्रती’ म्हणतात. पुरुषही हे व्रत करतात, पण बहुतेक व्रती बायकाच.

या सगळ्यात पुरोहित लागत नाही, ही गोष्ट छठबद्दल नेहमी अभिमानाने सांगितली जाते. पण मग प्रश्न उरतो की पुरोहिताचं काम कोण करतं? नियम कोण सांगतं, देवाला हाक कोण मारतं, मागणं कोण मांडतं? आमचं उत्तर असं की हे काम गाणी करतात. गहू धुताना, वाळवताना, दळताना, घाटावर जाताना, पाण्यात उभं राहून वाट बघताना, प्रत्येक टप्प्याला गाणं आहे. भोजपुरी, मैथिली, मगही अशा भाषांत ते आहे. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीने जे काम केलं त्याच्या हे जवळचं आहे, पण एक फरक आहे. ओवी दळणाला सोबत करते. छठचं गाणं हे पूजेचंच अंग आहे, ते काढलं तर पूजेत शब्द फारसे उरत नाहीत.

आता ही हाक कोणाला जाते ते बघा. एक हाक सूर्याला, ज्याला गीतांत ‘दीनानाथ’ म्हणतात. दुसरी छठी मैयाला. ही मैया कोण? मराठी माणसाला हे समजावून सांगायची फारशी गरज नाही, कारण आपल्याकडे तिचं नाव सटवाई आहे. षष्ठीवरून ‘छठी’ आणि षष्ठीवरूनच ‘सटवी’. बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाणारी, लेकराला राखणारी. म्हणजे तिथी सूर्याची म्हणून पाळली जाते आणि नाव मात्र आईचं आहे. सूर्य समोर दिसतो, त्याला अर्घ्य दिलं जातं, तो साक्षीला असतो. पण मनातलं बोलणं बरंचसं आईशी चालतं. फोटोखालची ओळ अपुरी पडते ती इथे.

आता तीन गीतांचा आशय पाहू.

पहिलं गीत उशिराचं. बाई पाण्यात उभी आहे, थंडी आहे, दीड दिवस घशाखाली पाणी गेलेलं नाही, आणि सूर्य उगवत नाही. ती त्याला विचारते की रोज वेळेवर येतोस, मग आजच एवढा उशीर का? आणि सूर्य उत्तर देतो. वाटेत एक आंधळा भेटला, त्याला डोळे देत होतो. एक वांझ बाई भेटली, तिला मूल देत होतो. प्रार्थनेच्या जगात ही विलक्षण गोष्ट आहे. भक्त देवाकडे जाब मागते आणि देव हिशोब देतो. पण या गीताचं कौतुक करताना एक टोचणी लपवता कामा नये. देवाला थांबवण्याइतकं मोठं दुःख म्हणून आंधळेपणाशेजारी मूल नसणं ठेवलेलं आहे. ज्या समाजात वांझ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, त्या समाजाची जखम गाण्यात आहे. गाणं ती बरी करत नाही, पण झाकतही नाही.

दुसरं गीत पोपटाचं. केळीच्या घडावर पोपट घिरट्या घालतो. त्याने फळ उष्टं केलं तर ते देवाला चालणार नाही, म्हणून त्याला बाणाने मारण्याची धमकी आहे. पोपट मूर्च्छा येऊन पडतो. गाणं इथे संपलं असतं तर तो सोवळ्याचा एक नियम झाला असता. प्रत्यक्षातही प्रसादाचा गहू धुऊन वाळत घालतात तेव्हा पाखरांपासून तो राखतातच. पण गाणं पुढे जातं. पोपटाची मादी जोडीदारासाठी रडते आणि मदतीची याचना करते ती आदित्यालाच. म्हणजे नियम ज्या देवासाठी, त्याच देवाकडे नियमाने मोडलेल्या जिवाचं गाऱ्हाणं. नियम सांगणारी आणि रडणारीची बाजू घेणारी, दोघी एकाच गाण्यात आहेत. पोथीतल्या विधिनियमांत अशी जागा सहसा सापडत नाही. ही गाणी बायकांनी केली असणार, असं आम्हाला वाटतं ते मुख्यतः अशा जागांमुळे.

तिसरं गीत कावडीचं. हिरव्या बांबूची कावड ओझ्याने लवते आहे. वाटसरू विचारतो, हे ओझं कोणाकडे निघालं? त्याला फटकारून उत्तर मिळतं की डोळे नाहीत का तुला, हे छठी मैयाकडे निघालं आहे. आता हा बांबू कोणाचा? छठमध्ये पितळी सूपही वापरतात, पण मान बांबूच्या सुपाचा आणि टोपलीचा. ती विणण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या डोम समाजाकडे आहे. काही मैथिली गीतांत डोमाची लेक सूप घेऊन पहाटे उभी असल्याचा उल्लेख येतो. पाटण्यात व्रतासाठी मातीच्या चुली घडवणाऱ्यांमध्ये मुस्लिम बायकाही आहेत. यावरून ‘छठला जात नाही, धर्म नाही’ असं वाक्य दरवर्षी ऐकू येतं. आम्ही ते जपून वापरू. गीतात जात आहे, तिच्या कामासकट आहे. गाणं त्या लेकीला घाटावर उभी करतं, हे खरं. पण चार दिवस जिच्या हातचं सूप पवित्र, तिच्या हातचं पाणी उरलेल्या वर्षात चालतं का, याचं उत्तर गाण्याकडून मिळत नाही. ते समाजाने द्यायचं आहे.

मुद्दा असा की ही गाणी म्हणजे नुसती भक्तीची शोभा नाही. त्यात जाब आहे, गाऱ्हाणं आहे, फटकारणं आहे. एका गाजलेल्या गीतात तर बाई मुलाबरोबर मुलगीही मागते, आणि जावई शिकलेला हवा असंही सांगते. पुरोहित नसल्यामुळे हे शब्द बायकांच्या ताब्यात राहिले. म्हणून गातं कोण, हा प्रश्न महत्त्वाचा.

इथे शारदा सिन्हांबद्दल बोलायला हवं. त्या ५ नोव्हेंबर २०२४ रोजी गेल्या, आणि तो दिवस नेमका नहाय-खायचा होता. २०१८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं होतं, मृत्यूनंतर पद्मविभूषण जाहीर झालं. त्यांच्या आधी विंध्यवासिनी देवींनी लोकगीतं रेडिओपर्यंत नेली होती. शारदा सिन्हांनी छठची गाणी कॅसेटवर आणली आणि घराघरात पोचवली. त्यांचं मोठेपण असं की त्या गाणं सजवत नाहीत. आवाजात थोडी खरखर, चाल सरळ, आणि ऐकताना वाटतं की आजूबाजूला आणखी चार बायका बसल्या आहेत. गाव सोडून सुरतेला, मुंबईला, दिल्लीला गेलेल्या लाखो लोकांसाठी छठ म्हणजे हा आवाज झाला.

पण ध्वनिमुद्रणाची एक किंमत असते. गावागणिक, घरागणिक वेगळी असलेली गाणी मागे पडतात आणि कॅसेटवरची दहा-बारा सगळीकडे वाजतात. शारदाबाईंचा यात दोष नाही. ज्यांच्या घरात गाणारी आजी उरली नव्हती त्यांना त्यांनी गाणं परत दिलं. अडचण पुढची आहे. आता घाटावर लाउडस्पीकर गातो. त्यावर सिनेमाच्या चालीवर बेतलेली गाणी लागतात, मध्येच स्वागताच्या घोषणा होतात, नेत्यांची नावं घेतली जातात. पाण्यातली बाई गात असली तरी शेजारणीलाही ऐकू येत नाही. ज्या विधीत तीच पुरोहित होती, त्यात तिची भूमिका फोटोपुरती उरते.

नव्या चित्रफितींचंही बघा. २०१६ मध्ये शारदा सिन्हांच्याच आवाजात एक छठगीत आलं आणि खूप गाजलं. त्यात सासूला यंदा व्रत झेपत नाही आणि शहरातली सून ते आपल्याकडे घेते. चित्रफीत देखणी आहे आणि खरीही आहे, व्रत असंच पुढच्या पिढीकडे जातं. पण व्रत पुरुषांनाही मोकळं असताना वारसा सुनेकडेच का जातो, हा प्रश्न तिला पडत नाही. पोपटाच्या जुन्या गाण्यात रडणारीला बोलायला जागा होती. नव्या गोष्टीत सगळे एकमेकांवर खूश आहेत, त्यामुळे अशी जागाच उरत नाही.

आता मुंबईकडे येऊन थांबतो. २००८ मध्ये इथे छठ हा राजकीय वादाचा विषय झाला. एका बाजूला ते शक्तिप्रदर्शन वाटलं, दुसऱ्या बाजूने त्याचं खरोखरच शक्तिप्रदर्शन केलं. दोघांनाही गर्दी दिसली. त्या गर्दीत आपल्या सटवाईचीच बहीण आहे, आपल्याकडे दळताना बायका जसं विठ्ठलाशी बोलायच्या तसंच इथे कोणी सूर्याशी बोलतं आहे, हे दोघांच्याही भाषणांत आलं नाही. परिचय झाला असता तर वाद मिटलाच असता असं आम्ही म्हणणार नाही. पण वाद कशाबद्दल चालला आहे, हे तरी कळलं असतं.

तेव्हा एवढंच सुचवतो. पुढच्या कार्तिकात किनाऱ्यावर गेलात तर स्टेजपासून लांब, पाण्याच्या बाजूला जा. तिथे अजून काही म्हाताऱ्या बायका लाउडस्पीकरची पर्वा न करता आपल्या गावची गाणी गातात. शब्द सगळे कळणार नाहीत, पण ‘दीनानाथ’ कळेल, ‘सुगा’ म्हणजे पोपट हेही आता माहीत आहे. एखादीला विचारा, हे गाणं तुम्ही कोणाकडून शिकलात. त्या गाण्याचा इतिहास तिथून सुरू होतो. तो लिहून ठेवणारे फार थोडे आहेत आणि आजी तर दरवर्षी कमी होत आहेत.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.