रोहित्राच्या धड्यातील दोन उणिवा

शाळेतील रोहित्राचा धडा बहुधा वेटोळ्यांच्या फेऱ्यांच्या गुणोत्तरापाशी थांबतो. त्यावरची गणिते विद्यार्थी सोडवतात. पण अमेरिकेतून आणलेले स्वयंपाकघरातले उपकरण येथे कसे वापरावे, हे त्यांना सांगता येत नाही. आमचा आक्षेप हाच आहे.

अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. तिकडचा टोस्टर येथे थेट जोडला, तर प्रवाह जवळजवळ दुप्पट आणि उष्णता साडेतीनपटींहून अधिक होईल. म्हणून रोहित्र हवे. पण केवढे? टोस्टर १२०० वॅटचा आणि रोहित्र ३०० वॅटचे असेल, तर फेऱ्यांचे गुणोत्तर बिनचूक असूनही रोहित्र जळेल. ही झाली पहिली उणीव.

दुसरी वारंवारतेची. रोहित्र व्होल्ट बदलते, हर्ट्‌झ बदलत नाही. टोस्टरचे त्यावाचून अडत नाही. मात्र केवळ ६० हर्ट्‌झसाठी बनवलेल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्येही एक रोहित्र असते. ५० हर्ट्‌झवर त्याच्या गाभ्यातील चुंबकीय प्रवाह सुमारे २० टक्के वाढू पाहतो. गाभा संपृक्त होतो आणि रोहित्र तापते. बाजारातील काही हलके ‘कन्व्हर्टर’ तर रोहित्र नसतातच. ते विजेच्या लहरीचा भाग कापून टाकतात. तापणाऱ्या तारेची साधी उपकरणेच त्यांवर चालवावीत.

हा धडा शिकवताना एखाद्या उपकरणाची पाटी वर्गात वाचून घ्यावी. व्होल्ट, हर्ट्‌झ आणि वॅट हे तिन्ही आकडे जुळल्याशिवाय बटण दाबू नये, एवढे तरी विद्यार्थ्याला कळलेच पाहिजे.