हेन्री कियामा यांची ‘मांगा योनिन शोसेई’ : स्थलांतरिताची चित्रकथा आणि हास्याची मर्यादा

प्रस्तावना

जपानी चित्रकथेचा, म्हणजे ‘मांगा’चा, विचार आपल्याकडे बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कालखंडापासून सुरू होतो. ओसामु तेझुका यांच्यापासून आरंभ करून आजच्या जागतिक बाजारपेठेपर्यंत येण्याची ही रीत सोयीची असली तरी तिच्यामुळे एक महत्त्वाचा ग्रंथ दृष्टीआड राहतो. 1931 साली प्रसिद्ध झालेला ‘मांगा योनिन शोसेई’ हा तो ग्रंथ. त्याचे लेखक-चित्रकार हेन्री योशिताका कियामा हे सॅन फ्रान्सिस्कोत राहणारे जपानी स्थलांतरित होते. त्यांची ही कृती त्यांच्या सोबत्यांच्या आयुष्यावरच बेतलेली आहे.

या ग्रंथाची चर्चा मुख्यतः तो ‘पहिला’ आहे की नाही या प्रश्नाभोवती झाली. चित्रकादंबरीचा तो आद्य नमुना होय, असे अनेकदा सांगितले जाते. अग्रक्रमाचा हा मान महत्त्वाचा असला तरी त्यातून कृतीचे मोल कळत नाही. ज्याला कायद्याने नागरिक होता येत नव्हते, अशा माणसाने आपली कहाणी विनोदी चित्रमालिकेच्या साच्यात का सांगितली आणि त्या साच्याने त्याला कितपत साथ दिली, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चरित्ररेखा

कियामा यांचा जन्म 1885 साली जपानच्या तोत्तोरी प्रांतातील नेउ या गावी झाला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, 1904 मध्ये, ते सॅन फ्रान्सिस्को येथे आले. उपजीविकेसाठी पडेल ते काम करीत त्यांनी तेथील कलाशाळेत पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रकलेचे शिक्षण घेतले. त्यांची मूळ ओढ तैलचित्रे व व्यक्तिचित्रे यांकडे होती. त्यांचे नाव आज ज्या कामामुळे घेतले जाते ते चित्रकथेचे काम त्यांच्या कलाजीवनाची एक बाजू होय.

1922 मध्ये ते मायदेशी गेले, तेथे त्यांचा विवाह झाला आणि 1924 मध्ये ते पुन्हा अमेरिकेत आले. 1927 साली सॅन फ्रान्सिस्कोतील किनमोन गाकुएन या जपानी शिक्षणसंस्थेत त्यांनी आपल्या चित्रमालिकेचे प्रदर्शन भरविले. 1931 मध्ये तीच मालिका त्यांनी जपानमध्ये छापून घेऊन स्वखर्चाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. 1937 मध्ये ते जपानला परतले, पुढे महायुद्ध पेटले आणि अमेरिकेत पुन्हा येणे घडले नाही. उत्तरायुष्यात त्यांनी आपल्या प्रांतात चित्रकलेचे अध्यापन केले. 1951 साली त्यांचे निधन झाले. जपानी स्थलांतरितांना अमेरिकन नागरिकत्वाचा मार्ग कायद्याने मोकळा झाला तो 1952 साली, म्हणजे त्यानंतर अवघ्या वर्षभराने.

शीर्षकाचा अर्थ

‘शोसेई’ या शब्दाचा ढोबळ अर्थ विद्यार्थी असा होतो. परंतु मेइजी काळातील जपानमध्ये एखाद्या प्रतिष्ठिताच्या घरी राहून, घरकामाच्या मोबदल्यात निवारा मिळवून शिकणाऱ्या तरुणासही शोसेई म्हणत. माधुकरी मागून किंवा वार लावून शिकलेल्या विद्यार्थ्यांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, अशा मराठी वाचकास या शब्दातील दारिद्र्य आणि स्वाभिमान यांचे मिश्रण सहज उमगेल. सॅन फ्रान्सिस्कोत हाच तरुण गोऱ्या कुटुंबांत ‘स्कूलबॉय’ म्हणून भांडी घासू लागला. जपानमध्ये शोसेईच्या कष्टांना उद्याच्या प्रतिष्ठेची हमी होती. स्कूलबॉयच्या कष्टांना तशी कोणतीही हमी नव्हती.

1927 च्या प्रदर्शनाचे नाव ‘उत्तर अमेरिकेतील स्थलांतरितांचा चित्रमय इतिहास’ अशा आशयाचे होते. पुस्तक करताना कियामा यांनी ‘इतिहास’ आणि ‘स्थलांतरित’ हे दोन्ही शब्द सोडले व ‘चार विद्यार्थी’ एवढेच ठेवले. फ्रेडरिक शॉट यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाचे शीर्षक मात्र ‘द फोर इमिग्रंट्स मांगा’ असे आहे. शॉट यांना हे पुस्तक 1980 मध्ये बर्कली येथील विद्यापीठ ग्रंथालयात आढळले. त्यांचा अनुवाद 1990 च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि त्यामुळेच ही कृती जगासमोर आली. त्यांचे हे ऋण मान्य करूनही शीर्षकातील बदलाची नोंद घेतली पाहिजे. कियामा यांच्या लेखी ते चौघे काहीतरी शिकण्यासाठी, काहीतरी होण्यासाठी आलेले तरुण आहेत. इतिहासाने त्यांना ‘स्थलांतरित’ या एका वर्गात बसविले. दोन शीर्षकांमधील हे अंतर हाच वस्तुतः या पुस्तकाचा विषय आहे.

रचना आणि आशय

पुस्तकात 52 प्रसंग असून प्रत्येक प्रसंग दोन पृष्ठांचा आहे. वर्षाचे आठवडे तितकेच. साप्ताहिक वृत्तपत्रीय मालिकेचे हे माप कियामा यांनी स्वीकारलेले दिसते. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी फजिती किंवा विनोदी कलाटणी येते. हेन्री, फ्रेड, फ्रँक आणि चार्ली ही चार पात्रे आहेत. हेन्रीला चित्रकला शिकायची आहे, फ्रेडला शेती करायची आहे, फ्रँकला व्यापारात उतरायचे आहे, तर चार्लीला अमेरिकेच्या लोकशाहीचे आकर्षण आहे. 1904 ते 1924 हा या कथेचा काळ आहे.

घरकामातील फजित्या, 1906 चा भूकंप, छायाचित्रावरून ठरलेले विवाह, 1915 चे पनामा-पॅसिफिक प्रदर्शन, पहिले महायुद्ध, 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ, दारूबंदी असे प्रसंग ओळीने येतात. यांतील अनेक घटनांमागे कायद्याचा हात आहे. 1907-08 च्या ‘सभ्य गृहस्थांच्या करारा’ने जपानी मजुरांचे आगमन रोखले, पत्नींना मात्र येता येत होते. छायाचित्रविवाहांची प्रथा त्या फटीतून वाढली. 1913 व 1920 च्या कॅलिफोर्नियातील भूमिकायद्यांनी नागरिकत्वास अपात्र ठरलेल्यांना जमीन घेण्यास मज्जाव केला आणि फ्रेडचे स्वप्न ज्या पायावर उभे होते तो पायाच काढून घेतला. 1921 मध्ये टर्लॉक येथे जपानी शेतमजुरांना जमावाने हुसकावून लावले. 1924 च्या कायद्याने जपानमधून होणारे स्थलांतर जवळजवळ बंद केले आणि पुस्तकाचा कालपटही तेथेच संपतो.

हास्याचा उसना साचा

कियामा यांच्या रेखाटनावर तत्कालीन अमेरिकन वृत्तपत्रीय चित्रमालिकांचा, विशेषतः जॉर्ज मॅकमॅनस यांच्या 1913 पासून प्रसिद्ध होणाऱ्या ‘ब्रिंगिंग अप फादर’ या मालिकेचा, प्रभाव दिसतो. हीच मालिका 1923 मध्ये जपानी नियतकालिकातही अवतरली आणि तेथील चित्रकारांवर तिचा ठसा उमटला. म्हणजे कियामा यांची मांगा ‘शुद्ध जपानी’ आणि अमेरिकन मालिका परकी, अशी विभागणी येथे टिकत नाही.

या प्रभावाचा एक पैलू मात्र पुरेसा चर्चिला गेलेला नाही. मॅकमॅनस यांचा नायक जिग्ज हादेखील स्थलांतरित, आयरिश वंशाचा आहे. त्याला अचानक श्रीमंती लाभते आणि नव्या प्रतिष्ठेत तो अवघडतो, हा तेथील विनोदाचा गाभा. त्या हास्यामागे एक शिडी गृहीत धरलेली आहे. तिच्यावर चढताना पाय घसरतो म्हणून हसू येते. कियामा यांनी विनोदाचा घाट तोच घेतला, परंतु त्यांच्या पात्रांसाठी शिडीच नाही. प्रत्येक प्रसंगाअखेर चौघे पडतात, पुढच्या प्रसंगात पुन्हा उभे राहतात आणि पुन्हा त्याच पातळीवर असतात. मालिकेच्या तंत्रात पात्रांचे ‘जैसे थे’ राहणे हा संकेत असतो. येथे तो संकेत कायद्याने लादलेल्या परिस्थितीचे चित्र ठरतो. कृतीचे सर्वांत मोठे यश मला याच ठिकाणी जाणवते.

चार्लीच्या कथेत हा घाट सर्वाधिक ताणला जातो. नागरिकत्व मिळेल या आशेने तो अमेरिकन सैन्यात भरती होतो आणि तरीही त्याच्या पदरी निराशा येते. 1790 च्या कायद्याने नागरिकत्व ‘मुक्त गौरवर्णीय व्यक्तीं’पुरते ठेवले होते आणि 1870 मध्ये ते आफ्रिकी वंशीयांना खुले झाले. 1922 मध्ये ताकाओ ओझावा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जपानी व्यक्ती या व्याख्येत बसत नाही असा निर्णय दिला. पुढच्याच वर्षी भगतसिंग थिंड या भारतीयालाही तेच उत्तर मिळाले, आणि थिंड हेही अमेरिकन सैन्यात सेवा केलेले होते. याच सॅन फ्रान्सिस्कोतून 1913 मध्ये ‘गदर’ पत्र निघाले व पांडुरंग खानखोजे यांच्यासारखे मराठी तरुण याच किनारपट्टीवर शिकत आणि संघटन करीत होते, हे ध्यानात घेतले तर चार्लीची कहाणी आपल्याला परकी वाटू नये.

भाषेचा प्रश्न

मूळ पुस्तकात जपानी पात्रे आपसांत जपानी बोलतात आणि गोऱ्या माणसांशी व्यवहार करताना संवादफुग्यांत मोडकेतोडके इंग्रजी येते. पुस्तक ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांच्यासाठीच होते. तो वाचकवर्ग स्थलांतरितांचाच आणि म्हणून छोटा होता. शॉट यांनी जपानी संवाद ओघवत्या इंग्रजीत आणले, परंतु कियामा यांच्या हस्ताक्षरातील इंग्रजी जसेच्या तसे ठेवले. परिणामी अनुवादात स्थलांतरित अस्खलित बोलतात आणि गोरी पात्रे अडखळत बोलतात. मूळच्या अपुऱ्या इंग्रजीमुळे घडलेला हा उलटापालट आज वाचताना सत्तासंबंधांवरील भाष्यासारखा भासतो. तो लेखकाचा हेतू होता असे म्हणण्यास आधार नाही, पण वाचनाचा अनुभव म्हणून तो नाकारताही येत नाही.

मर्यादा

या कृतीचा गौरव करताना तिच्या उणिवा झाकणे योग्य होणार नाही. चिनी आणि कृष्णवर्णीय पात्रांचे चित्रण तत्कालीन ठोकळेबाज साच्यांतूनच झाले आहे. ज्या उपहासाचे चटके हे चौघे सोसतात, तोच उपहास ते इतरांकडे फिरवितात. अमेरिकन चित्रमालिकेकडून रेषा उसनी घेताना तिच्यातील वांशिक पूर्वग्रहही सोबत आले, असे म्हणावे लागते. स्त्रिया बहुतांशी विवाहाच्या विनोदापुरत्याच येतात. छायाचित्र पाहून परदेशी आलेल्या वधूने काय सोसले असेल, याचा विचार पुस्तक करीत नाही. शिवाय प्रत्येक प्रसंग हास्याने मिटविण्याच्या बंधनामुळे टर्लॉकसारखी घटनाही पटकन मागे पडते. हास्य दुःख सुसह्य करते, पण कधी कधी ते अन्यायही सुसह्य करून टाकते.

समारोप

कियामा यांचे पुस्तक अग्रक्रमासाठी वाचावे, त्याहून अधिक ते आकृतिबंध आणि परिस्थिती यांच्या झटापटीसाठी वाचावे. मालिकेचा हलकाफुलका साचा त्यांनी वीस वर्षांच्या सामूहिक अनुभवाला लावला आणि तो साचा जिथे जिथे अपुरा पडला तिथे वाचकाला कायद्याची भिंत दिसली. 2017 मध्ये मिन कांग यांनी या पुस्तकावर आधारित संगीतिका कॅलिफोर्नियात रंगभूमीवर आणली, यावरून त्या अनुभवाची निकड सरलेली नाही असे दिसते.

न्यायालयीन निवाड्यांत हे लोक ‘नागरिकत्वास अपात्र परकीय’ म्हणून नोंदले गेले. कियामा यांनी त्यांना नावे, हट्ट, फजित्या आणि मैत्री दिली. स्थलांतराचा इतिहास केवळ कायदे व आकडेवारी यांवरून लिहिणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच या 52 प्रसंगांकडे पुरावा म्हणून पाहिले पाहिजे. आपल्याकडील परदेशस्थांच्या पत्रांकडे, रोजनिशींकडे आणि चित्रांकडेही याच दृष्टीने पाहण्याची गरज आहे.