काळ्याची शेवटची रेघ

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका लहानशा टूलरूममध्ये माझा एक मित्र एअर रायफलवर दुर्बीण चढवत होता. चढवत कसला, तासभर घासतच बसला होता. बेंचवर रायफल पक्की धरलेली, वर दोन रिंगांचे खालचे अर्धे भाग बसवलेले आणि त्यांत दुर्बिणीच्या नळीएवढ्याच जाडीचा, 25.4 मिलिमीटरचा, सरळ ग्राइंड केलेला पोलादी दांडा. दांड्याला तेलात कालवलेली लॅपिंग पेस्ट. पुढे-मागे सरकवताना मनगट किंचित फिरवायचं, दाब जवळजवळ नाहीच. सहाणेवर चंदन उगाळावं तशी ती चाल.

पण खरी गंमत दांडा उचलल्यावर. रिंगा आतून काळ्या, अ‍ॅनोडाइझ केलेल्या. पेस्ट पुसली की जिथे दांडा टेकला तिथलं काळं गेलेलं असतं, खालचं पांढरं अ‍ॅल्युमिनियम चमकतं. पहिल्या खेपेला पुढच्या रिंगेत डाव्या काठाशी नखाएवढी चंद्रकोर उमटली, मागच्या रिंगेत उजव्या काठाशी. बस्स, निदान झालं: दोन्ही रिंगा एका रेषेत नाहीत. अशा रिंगांत दुर्बीण आवळली, तर नळीवर वळ उठतात, ती वाकते. आतला भिंगांचा संच अडखळतो आणि नेम जुळवायच्या नॉबचे क्लिक खोटं बोलू लागतात. रिंगांत अंतर 100 मिलिमीटर आणि एक रिंग केवळ 0.1 मिलिमीटर बाजूला असेल, तर दुर्बिणीची नजर 100 मीटरवर 10 सेंटिमीटर ढळते. नॉब फिरवून ते भरून काढता येतं म्हणा, पण नॉबची तेवढी चाल फुकट जाते.

नाशिकला हे काम नवं नाही. मायको सर्कलला ज्या कंपनीचं नाव पडलं, तिच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टरचे नोझल बनत आले. नोझलची सुई आणि तिचं घर यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची. जोडी एकदा जुळली की एकाची सुई दुसऱ्याच्या घरात घालायची नाही. त्या कामाच्या मानाने रिंग घासणं म्हणजे ढोबळच. पण इथे कस लागतो तो थांबण्यात.

चंद्रकोरी रुंदावत गेल्या, तळाशी एकमेकींना भेटल्या. तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग पांढरा झाला आणि मित्राने हात आवरला. मागच्या रिंगेत एक काळी रेघ उरली होती. ‘‘एवढी काढून टाक ना,’’ मी म्हणालो. त्याने नुसती मान हलवली. आणखी घासलं तर रिंगेचं भोक मोठं होतं, पकड सुटते. मला त्या सगळ्या कामात सर्वांत देखणी वाटली ती ही रेघच.

मग रॉकेलने धुणं, दोनदा. मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतलेला पेस्टचा एखादा कण नळी ओरखडतो. स्क्रू आलटून-पालटून आवळले, साधारण दोन न्यूटन-मीटरला.

हौसेपोटी दिसेल ती रिंग घासणारेही आहेत. ते मला पटत नाही. एकाच तुकड्यात, एकाच सेटिंगवर भोकं केलेल्या चांगल्या माउंटला याची गरज सहसा नसते. तेव्हा आधी दांड्याला ब्ल्यू, म्हणजे टेकण्याच्या खुणा दाखवणारा निळा रंग, लावून बघा. तो दोन्ही रिंगांत सारखा उमटला, तर पेस्टचा डबा उघडूच नका.