‘घरकुल’ आणि ‘लाभार्थी’: एक शब्दविचार

मुखेड परिसरातील खेड्यांत ‘घर बांधले’ याऐवजी ‘घरकुल आले’ असा प्रयोग सर्रास आढळतो. त्यात कर्तेपण घरकुलाकडे जाते, बांधणारा लोपतो. वस्तुतः २०१६ पासूनच्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत ठेकेदारास मज्जाव असून हप्त्याहप्त्याने मिळणाऱ्या अनुदानातून किमान २५ चौरस मीटरचे घर कुटुंबानेच उभारावयाचे असते. (हे क्षेत्रफळ पाहता ‘घरकुल’ हे लघुत्वदर्शक रूप मात्र यथार्थच!) ‘लाभार्थी’ ही संज्ञा त्याहून सदोष होय. ‘विद्यार्थी’प्रमाणे तीत इच्छा आहे, प्राप्ती नाही, घराचा मालक झालेलाही कागदोपत्री अर्थीच उरतो. ज्याला बांधावयास जागाच नाही, त्याला ती तंतोतंत लागू पडते; महाराष्ट्र शासनास दीनदयाळ उपाध्यायांच्या नावाने जागाखरेदीची निराळी योजना काढावी लागली, ती याच वर्गासाठी.