स्थिर चित्रावरून सरकणारा कॅमेरा

२७ सप्टेंबर २००९ च्या रविवारी अमेरिकेच्या पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर केन बर्न्स यांच्या ‘द नॅशनल पार्क्स : अमेरिकाज बेस्ट आयडिया’ या माहितीपटाचा पहिला भाग दाखवला गेला. त्यानंतर शुक्रवारपर्यंत रोज रात्री एक, असे एकूण सहा भाग आणि बारा तास. मध्ये जाहिरातींचा व्यत्यय नाही. राष्ट्रीय उद्यानांच्या इतिहासाला सलग आठवडा देण्याचे धाडस त्या देशात सार्वजनिक दूरचित्रवाणीच करू शकत होती. या कलेचे खरे भांडवल वेळ आहे, असे मला वाटते.

बर्न्स यांची शैली ‘द सिव्हिल वॉर’पासून, म्हणजे १९९० पासून, ठरून गेलेली आहे. एक शांत निवेदन, अभिनेत्यांनी वाचलेली जुनी पत्रे व रोजनिश्या, आणि छायाचित्रांवरून सावकाश सरकणारा कॅमेरा. संगणकावर लग्नाच्या फोटोंची चित्रफीत करताना ज्या हालचालीचा पर्याय आपण निवडतो, तिला त्यांचेच नाव आहे.

ही शैली सर्वाधिक उंची गाठते ती हेच हेचीच्या कथेत. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या या दरीवर सॅन फ्रान्सिस्कोला पाणी देण्यासाठी धरण बांधायचे ठरले. निसर्गरक्षणाचे पुरस्कर्ते जॉन म्यूर यांनी अनेक वर्षे विरोध केला. १९१३ मध्ये कायदा झालाच, आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात म्यूर गेले. आज ती दरी पाण्याखाली आहे. दिग्दर्शकाच्या हाती उरतात फक्त जुनी छायाचित्रे. कॅमेरा त्या कुरणांवरून, कड्यांवरून हलके फिरतो, आणि चित्राचे स्थिर असणेच शोकाचा अर्थ घेऊन येते. जे बुडाले ते आता हलणार नाही, हे सांगायला निवेदकाची गरज उरत नाही.

पण अरण्य समोर जिवंत उभे असते तेव्हा हीच शैली अडखळते. कोवळ्या उन्हातली शिखरे, धबधबे, वर व्हायोलिनचे सूर. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपर्यंत एक उद्यान दुसऱ्यापासून वेगळे ओळखू येईनासे होते. लांडग्यांचा अभ्यास करणारे अॅडॉल्फ म्युरी येतात तेवढा वेळ जंगल जंगलासारखे वागते, मग पुन्हा देखावा होते. बीबीसीसाठी डेव्हिड अॅटनबरो यांनी उभी केलेली परंपरा नेमकी उलट: तिथे प्राणी आहेत, माणूस जवळजवळ नाही. फ्रेडरिक वाइजमन यांचा ‘सेंट्रल पार्क’ हा माहितीपट तिसरी वाट घेतो. निवेदन नाही, मुलाखत नाही. शहरातल्या एका बागेत लोक काय करतात आणि तिच्यासाठी कसे भांडतात, ते जवळपास तीन तास नुसते पाहायचे. उद्यान म्हणजे रोजचा व्यवहार, हे मला तिथे अधिक कळले.

बर्न्स यांच्या पटातला गंभीर दोष मात्र शैलीचा नाही. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन ही सशस्त्र तुकडी योसेमिटीत शिरली आणि तिथल्या आवानीची लोकांना हुसकावले गेले, हे पहिल्याच भागात प्रामाणिकपणे सांगितले आहे. तरी कथेचा सूर बदलत नाही. सांगितलेली गोष्ट पुढच्या गोष्टीवर सावली टाकत नसेल, तर ती नोंद ठरते, कथन ठरत नाही. १८७२ च्या यलोस्टोनपासून निघालेली राष्ट्रीय उद्यानाची ही कल्पना जगभर गेली. १९५५ मध्ये ताडोबा हे आजच्या महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, आणि ताडोब्यातूनही पुढे गावे हलवली गेली. म्हणून शीर्षकातल्या ‘सर्वोत्तम कल्पना’ या शब्दांपाशी मराठी प्रेक्षकाने थबकायलाच हवे.

या साऱ्यातून पट तरतो तो शेल्टन जॉन्सन यांच्यामुळे. डेट्रॉइटमध्ये वाढलेले हे कृष्णवर्णीय वनरक्षक. यलोस्टोनच्या कडाक्याच्या थंडीत टपाल घेऊन जाताना वाटेत बायसनांचा कळप आडवा आला, तेव्हा गाडी बंद करून ते थांबले. तो क्षण ते सांगतात तेव्हा पडद्यावर बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याखेरीज काही नको वाटते. शतकापूर्वी योसेमिटी आणि सिक्वोयात गस्त घालणाऱ्या कृष्णवर्णीय घोडेस्वार सैनिकांची विसरलेली कथा त्यांनीच पुढे आणली. बारा तासांचा अवकाश नसता, तर संकलनाच्या टेबलावर पहिली कात्री अशाच माणसावर चालली असती.

असा अवकाश देणारी व्यवस्था आता मोडत आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर परत घेतले. दीड हजारांहून अधिक स्थानिक नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांना मदत पोचवणाऱ्या कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगने १ ऑगस्टला आपले काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले.