'स्मृतिचित्रे' : व्रत एकाचे, चूल दुसऱ्याची

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राविषयी मराठीत आजवर इतके लिहिले गेले आहे की, त्यात आम्ही आणखी भर घालावी असे वाचकांना सहसा वाटणार नाही. त्या ग्रंथाची बोली भाषा, त्यातील निर्मळ विनोद आणि पारदर्शक प्रांजळपणा यांची थोरवी आता वादातीत आहे. असे असूनही आम्ही पुन्हा त्याच ग्रंथाकडे वळलो, त्याला कारण घडले ते आमच्या बीड जिल्ह्यातील धर्मग्रामात, आणि ते कारण वाङ्मयीन मुळीच नव्हते.

गेल्या पावसाळ्यात रविवारच्या ख्रिस्तयागात आम्ही 'ख्रिस्ती घरातील साधी राहणी' या विषयावर ओळीने काही प्रवचने केली. चांगली वस्तू जुनी झाली म्हणून टाकू नये. दुसऱ्याने वापरलेली वस्तू विकत घेण्यात कमीपणा मानू नये. दुकानातल्या पुड्यांपेक्षा घरची भाकरी मुलांच्या हाती द्यावी, असे आमचे साधेच म्हणणे होते. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकाचा आधार आम्ही घेतला होता. शेवटच्या प्रवचनात टिळक दांपत्याचे उदाहरण दिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक हाती येईल ते गरजवंताला देऊन टाकीत आणि तरीही त्यांचे घर भरलेले असे, असे आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले. ख्रिस्तयाग आटोपल्यावर अंगणात एक माउली आमच्याजवळ आल्या. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास त्या आपल्या यजमानांसह ऊसतोडणीला जातात. त्या म्हणाल्या, "फादर, ते देऊन मोकळे व्हायचे. पण सांजच्याला चूल कोण पेटवायचं?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही हसलो, त्याही हसल्या आणि घरी गेल्या. आम्ही मात्र त्या रात्री कपाटातून 'स्मृतिचित्रे' काढली.

सेमिनरीत असताना आम्ही हा ग्रंथ प्रथम वाचला तो खरे म्हणजे टिळकांचे चरित्र म्हणून. आमच्या जुन्या प्रतीतील पेन्सिलीच्या खुणा त्याची साक्ष देतात. आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या गोऱ्या गृहस्थाने टिळकांना नवा करार दिला, त्या प्रसंगाखाली रेघ आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेल्या त्यांच्या बाप्तिस्म्याच्या समासात उद्गारचिन्ह आहे. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला, तिथे तर दोन रेघा आहेत. जेथे लक्ष्मीबाई घरात काय आहे आणि काय नाही हे सांगू लागतात, ती पाने मात्र कोरी. या वेळी आम्ही ती कोरी पाने वाचली.

टिळक कुटुंब प्रॉटेस्टंट पंथाचे आणि अमेरिकन मराठी मिशनशी निगडित होते, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. परंतु मराठी ख्रिस्ती घराचे इतके खरे चित्र आम्हां कॅथलिकांपैकी कोणी काढलेले आमच्या पाहण्यात नाही. तेव्हा या उसनवारीची लाज बाळगण्याचे कारण दिसत नाही.

१९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा आरंभच मुळी घरात काय येऊ द्यावे या प्रश्नाने होतो. १८५७च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या धक्क्याने त्यांच्या स्वतःच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून येणारी वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही, असा तो कारभार. घराचा उंबरा म्हणजे जणू तटबंदी. अशा घरातून वयाच्या अकराव्या वर्षी ही मुलगी ज्या पुरुषाच्या संसारात आली, त्याला उंबरा म्हणून काही असतो हेच मान्य नव्हते. कोण केव्हा जेवायला येईल, घरातली कोणती वस्तू केव्हा कोणाच्या हाती जाईल आणि खुद्द घरधनी केव्हा कोठे निघून जाईल, याचा नेम नाही. या दोन टोकांच्या मध्ये लक्ष्मीबाईंचा संसार उभा आहे, आणि आमच्या मते हीच या ग्रंथाची खरी रचना आहे. धर्मांतर ही त्यातील सर्वांत मोठी घटना खरी; पण ग्रंथाला एकसंध ठेवणारा धागा चुलीपाशी आहे.

येथे लेखिकेच्या कलेविषयी एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. लक्ष्मीबाई काटकसर, त्याग, साधी राहणी असल्या नावांनी आपल्या जगण्याचे वर्णन करीत बसत नाहीत. त्या प्रसंग सांगतात. घरात पैसा नाही, पाहुणा दारात आहे, नवरा कवितेत आहे. आता पुढे काय? पुढे जे होते ते त्या छोट्या छोट्या वाक्यांत सांगून टाकतात आणि वाचक हसतो. गुणाला नाव न दिल्यामुळे तो गुण मिरवावा लागत नाही. आम्ही प्रवचनकार नेमके उलट करतो. आम्ही आधी गुणाचे नाव घेतो आणि मग त्याला शोभेल असा प्रसंग शोधतो.

मात्र या विनोदाने एक घात केला आहे. पाठ्यपुस्तकांतून आणि व्यासपीठांवरून हे प्रसंग सुटेसुटे सांगितले जातात, तेव्हा उरतात दोन ठोकळेबाज माणसे : एक भोळा, विसराळू, उदार कवी आणि एक फटकळ, प्रेमळ बायको. लोक हसतात आणि घरी जातात. सलग वाचताना असे होत नाही. सलग वाचताना आपल्याला दिसते की, हसणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेली काही मुले फार लहानपणी गेली. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे तिने त्याच्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने, पंढरपूर-नाशिककडे काढली. आणि ज्या हिशेबाची ती थट्टा करते तो हिशेब तिने रोज केला होता. लक्ष्मीबाईंचा विनोद हा त्या हिशेबाचा ताळेबंद आहे. त्या टिळकांना दोषी ठरवीत नाहीत, पण जे घडले ते झाकीतही नाहीत. त्या भांडतात, रागावतात, आणि लगेच त्यांच्या मनाच्या मोठेपणाचा अभिमानही बाळगतात. टिळकांची बाजूही खोटी नव्हे. त्यांचे देणे शुभवर्तमानातले देणे होते आणि आम्हां अनेकांना ते कधी जमलेले नाही.

आता आमच्या जिल्ह्यातल्या एका शब्दाकडे वळतो. ऊसतोडणीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होतो. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि वहीत नाव बहुधा पुरुषाचे. फडावरच्या कोपीत पहाटे अंधारात उठून भाकऱ्या थापणारी, मुलांचे आवरून नवऱ्याबरोबर फडात उतरणारी, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी आणि परतल्यावर पुन्हा चूल पेटवणारी स्त्री हा त्या एका कोयत्याचा अर्धा भाग. स्वयंपाक तर त्या हिशेबात धरलेलाच नाही. 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना आमच्या ध्यानात आले की, आमच्या प्रवचनांत टिळक दांपत्यही असाच एक कोयता होता. उचल टिळकांच्या नावावर, त्याग टिळकांच्या नावावर. १९१७ साली मिशनचा पगार थांबला, तेव्हा व्रत कोणी घेतले हे आम्ही सांगत आलो. ते कोणाच्या डब्यांतून निभावले गेले, हे कधी सांगितले नाही.

अंबाजोगाईला दासोपंतांनी एका लांबलचक पासोडीवर 'पंचीकरण' लिहिले, ही आम्हां बीडकरांची अभिमानाची गोष्ट. त्या पासोडीचे सूत कोणी कातले, हे आम्ही तरी कोणाला विचारताना ऐकलेले नाही. पण हे विषयांतर झाले.

जुन्या वस्तूंबद्दल आम्ही जे बोललो होतो, त्याचीही तपासणी करणे भाग आहे. दारावर येणारी बोहारीण जुने कपडे घेऊन भांडे देते. तेच कपडे धुऊन, टाके घालून पुढे बाजारात विकले जातात. आठवडी बाजारात अशा कपड्यांचे ढीग लागतात आणि त्यांतून आमच्या धर्मग्रामातील कुटुंबे मुलांचे शर्ट निवडतात. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या तर घरोघरी आहेत. यात आम्हांला निसर्गाची राखण दिसली. ती आहेही. परंतु मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांपैकी पुष्कळांचे पूर्वज गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. उरलेले अन्न आणि वापरून जुनी झालेली वस्त्रे शूद्राला द्यावीत, असे मनुस्मृती सांगते. त्या ग्रंथाचे महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दहन झाले, तो दिवस २५ डिसेंबर १९२७, म्हणजे आपल्या नाताळाचा. त्याच महाडात बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ, नीटनेटके आणि स्वाभिमानाने नेसण्याचा उपदेश केला. ज्यांच्या आजी-पणजीला दुसऱ्याचे जुने नेसणे भाग होते, त्यांच्या नातीने नाताळाला कोरी साडी घेतली, तर तिला उधळपट्टी म्हणणारे आम्ही कोण? पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घराने जुनी खुर्ची विकत घेणे आणि फडावरच्या बाईने जुने लुगडे नेसणे, या दोन्हींना आम्ही एकाच प्रवचनात एकच नाव दिले, ही आमची चूक होती. एकाजवळ निवड आहे, दुसऱ्याजवळ नाही.

पाच रुपयांच्या खाऊच्या पुडीबद्दलही आम्ही कडक बोललो होतो. फडाच्या कडेला रडणाऱ्या लेकराच्या हाती ती पुडी देणारी आई आळशी नसते. तिच्यापाशी वेळ नसतो. घरचे जेवण स्वस्त पडते हे म्हणणे, ते करणाऱ्याच्या वेळेला किंमत नाही असे मानले तरच खरे ठरते.

मग साधी राहणी ही ख्रिस्ती घराची वाट नव्हेच काय? येथे 'स्मृतिचित्रे' आम्हांला पुढे नेते, आणि म्हणून तो ग्रंथ थोर आहे. लक्ष्मीबाईंची काटकसर आरंभी लादलेली आहे. नवरा देतो, म्हणून त्यांना पुरवावे लागते. अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) पुन्हा एकत्र आल्यावरही त्या आपले सोवळे सांभाळून राहतात. जातिभेद त्यांनी एका झटक्यात टाकला नाही. तो पायरीपायरीने, स्वतःशी वाद घालीत सुटत गेला. १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला तो नवऱ्यामागे फरफटत जाऊन नव्हे, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. आणि त्यानंतर त्यांच्या घरात जे बदलते ते आम्ही याआधी पाहिले नव्हते. अनाथ, गरजू मुले त्या घरात वाढतात. पुढे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, याच घरी लेकासारखे राहतात. आता देणारे टिळक आणि निभावणाऱ्या लक्ष्मीबाई अशी वाटणी राहिलेली नाही. ज्या घरात लहानपणी बाहेरची प्रत्येक वस्तू धुऊन घेतली जात होती, त्या घरातली मुलगी आता बाहेरच्या कोणालाही आपल्या पंगतीला घेते. गरिबी तीच आहे, डबे तितकेच रिकामे आहेत. पण आता व्रत त्यांचे स्वतःचे आहे. आमच्या वाचनात हा या ग्रंथाचा कळस आहे. त्याच्या खाली आमच्या जुन्या प्रतीत एकही रेघ नव्हती.

ग्रंथाच्या अखेरच्या भागाविषयी थोडे. तो लक्ष्मीबाईंच्या हातून पुरा झाला नाही. १९३६ साली त्यांचे निधन झाले. टिळकांच्या पश्चात हकिकत काहीशी विस्कळीत होते, कराचीकडचे वर्णन वाचनीय असले तरी पूर्वीचा ताण त्यात नाही. ज्याच्याशी भांडायचे तोच उरला नाही, असे आम्हांला ते वाचताना वाटले. वाचकांनी शक्यतो नातू अशोक देवदत्त टिळक यांनी टिपांसह सिद्ध केलेली आवृत्ती मिळवावी.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही धर्मप्रांतीय धर्मगुरू व्रतस्थांसारखे दारिद्र्याचे व्रत घेत नाही. साधेपणाने राहावे अशी अपेक्षा मात्र आमच्याकडून असते, आणि तसे आम्ही राहतो अशी आमची समजूत आहे. आमच्या निवासातील स्वयंपाक एक बाई करतात. साधी राहणी या विषयावरील सर्व प्रवचने आम्ही त्यांनी केलेले पिठले-भाकरी खाऊन लिहिली. त्या ख्रिस्तयागाला आल्या नव्हत्या, कारण त्या वेळी त्या स्वयंपाक करीत होत्या. मार्था आणि मरियेच्या प्रसंगावर आम्ही आजवर जी प्रवचने केली, ती सारी मरियेच्या बाजूने होती, हेही येथे कबूल करतो.

दिवाळीनंतर कोयते जायला निघाले, तेव्हा त्या माउली पुन्हा आल्या. त्यांची मुलगी बारावीपर्यंत शिकली आहे आणि या वर्षी आईवडिलांबरोबर फडावर गेली आहे. तिला वाचायला काही द्या, असे त्यांचे म्हणणे. धर्मग्रामाच्या वाचनालयातील 'स्मृतिचित्रे'ची एकुलती एक प्रत आम्ही तिच्या हाती दिली. रात्री कोपीत ती आईला वाचून दाखवते, असा निरोप आला आहे. ज्या वाचकांनी त्या पुस्तकासाठी नोंदवहीत नाव घातले आहे, त्यांनी एप्रिलपर्यंत धीर धरावा.